सहा मार्कांचे काझी सर

काझी सरांना भाव करता यायचा नाही. भाजीवाली जो आकडा सांगेल तो ते द्यायचे आणि वर तिचे आभार मानायचे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी जून झालेली भेंडी ती सांगेल त्या भावानं घेतली. मला राहवलं नाही. मी एक भेंडी उचलून तिचं टोक मोडायला गेलो तर ते मोडेना, नुसतं वाकलं. बाईला म्हटलं, ही भाजी हाय का सुतळी? बाई मला बोलायला लागली, मी बाईला बोलायला लागलो, चार माणसं जमली. सर मधे उभे राहून शांतपणे बाईच्या हाताकडं बघत होते.

परत येताना म्हणाले, "पाहिलंत? तुमच्याशी भांडता भांडता तिनं तागडीत दोन भेंड्या वाढवल्या. तोंड एक बोलत होतं, हात दुसरंच."

"पर भेंडी जून हाय, सर."

"ते तर आहेच," असं म्हणून ती जून भेंडी घेऊन ते समाधानानं घरी गेले.

असल्या माणसानं मला हरवलं. मी बैलांचा व्यापारी. नेकनूरच्या बाजारात आम्हाला हेडी म्हणतात. सातवीत शाळा सुटली, मग दुसऱ्याची जनावरं हाकत बाजारोबाजार पायी फिरलो आणि कुणाचा हात डोक्यावर नसताना स्वतःचं नाव केलं. आज माझ्याशी सौदा करायचा तर माणूस सोबत दोन जाणती माणसं घेऊन येतो. बैलाच्या तोंडात हात घालून मी वय सांगतो आणि मालकाच्या तोंडाकडं बघून त्याची नड सांगतो. अशा मला काझी सरांनी दहापैकी सहा मार्क दिले. त्याचे सात करायला मी दोन वर्षं घालवली. मी ते विसरलेलो नाही, आणि हे लिहितोय म्हणून विसरीन असंही नाही.

सर बीडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झाले होते. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी एक छोटं भिंग. रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, नाही तर राजकारण. यांनी 'जागतिक सिनेमा आणि संस्कृती' नावाचा वर्ग काढला. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, रफिकभाई फळवाल्याच्या गोदामाच्या माडीवर. खाली आढीत सीताफळं पिकत घातलेली असायची. वर पांढऱ्या चादरीवर सिनेमा. त्यामुळं मी आजवर जेवढे देश बघितले ते सगळे माझ्या लेखी सीताफळाच्या वासाचे आहेत.

मी तिथं शिकायला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. आमची सोनाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका टेम्पोवाल्यानं मला सांगितलं की तुमची पोरगी दर गुरुवारी फळवाल्याच्या माडीवर पिक्चर बघत बसते. माझं डोकं तापायला एवढं पुष्कळ होतं. दोन दोन पायऱ्या चढत मी वर गेलो आणि दार ढकललं. आत अंधार, दहाबारा पोरंपोरी, आणि चादरीवर दोन माणसं गालिच्यावर बसून बोलतायत. पण आवाज नाही. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. भांडण सुरू करायचं तर समोर थोडा तरी गोंगाट लागतो. नुसत्या शांततेत ओरडणारा माणूस येडा दिसतो. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

सर हळूच म्हणाले, "या. आवाज मीच बंद केलाय. चप्पल कुठं काढलीत?"

"भायेर."

"खालच्या पायरीला की वरच्या?"

हा काय प्रश्न झाला? पण मी विचारात पडलो, आणि विचारात पडलेला माणूस खाली बसतोच.

सरांची रीत अशी होती. सिनेमा लावायच्या आधी नकाशा उघडायचा आणि तो देश प्रत्येकानं बोटानं दाखवायचा. मग पहिली पंधरा मिनिटं आवाज बंद. मग सर सिनेमा थांबवून विचारायचे, काय दिसलं? 'छान होता' म्हणायला बंदी. जो म्हणेल त्यानं खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगायचा. "गोष्ट जगात सगळीकडं सारखीच असते," ते म्हणायचे, "कुणीतरी मरतं, कुणीतरी लग्न करतं. तुम्ही फक्त बघा की पाणी कोण देतं, पहिला घास कोण घेतं आणि चपला कुठं निघतात. देश तिथं सापडतो."

त्या दिवशी त्यांनी सिनेमा थांबवून विचारलं, या दोघांत काय चाललंय? कुणी म्हणालं भाऊ असतील, कुणी म्हणालं मित्र. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काळ्या टोपीवाला इकायला आलाय. नड त्याला हाय. त्यानं दोन येळा चहा घेतला, समोरच्यानं कपाला हात लावला न्हाई. जो कपाला हात लावत न्हाई तो भाव पाडणार."

सरांनी आवाज चालू केला. पाच मिनिटांनी खालच्या इंग्रजी अक्षरांवरून सोनालीनं सांगितलं की तो माणूस आपलं घर विकायला आला होता, आणि समोरच्यानं भाव पाडला.

सरांनी वही काढली. "आपलं नाव?"

मी सांगितलं की नाव लिहू नका. बैलवाला सिनेमा शिकतोय, हे बाजारात कळलं तर माझ्याशी कुणी ताठ मानेनं सौदा करणार नाही, हसूनच अर्धा भाव पाडतील. सरांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'सोनालीचे वडील'. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, चार पुस्तकं लिहिलेला माणूस मला भर रस्त्यात "अहो सोनालीचे वडील" म्हणून बोलवायचा, आणि सोनाली लाजून पलीकडून जायची.

चपलांचं त्यांना वेडच होतं. रफिकभाईंच्या घरी लग्न होतं, तेव्हा मंडपाच्या दारात सर तासभर उभे. कोण चप्पल कुठं काढतो, कोण दुसऱ्याची सरकवून आपली नीट ठेवतो, ते भिंगातून बघितल्यासारखं बघत होते. मला म्हणाले, पाव्हणे चपला लांब काढतात, घरचे अगदी दारात, आणि जावई कुठंही. जेवणं झाल्यावर निघायच्या वेळी बघतो तर सरांच्याच चपला गायब. दोनशे जोडांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला आपला जोड सांभाळता आला नाही. रफिकभाई ओशाळून म्हणाले, "सर, कोन ले गया, देखा नहीं आपने?" सर म्हणाले, "देखा ना. पण तो इतक्या हक्कानं घालत होता, मला वाटलं घरचाच आहे." आणि अनवाणी घरी गेले.

रफिकभाईसुद्धा वर्गात बसायचे. माडी त्यांची, त्यामुळं त्यांना कुणी ऊठ म्हणू शकत नव्हतं. एका सिनेमात वीस मिनिटं एक कुटुंब नुसतं जेवत होतं. मी म्हणालो, काय इकायचं ते लवकर सांगा म्हणावं. रफिकभाई झोपले होते, पण शेवटी फळ कापायची वेळ आली आणि ते जागे झाले. म्हणाले, सासूनं सुनेला कच्चं फळ दिलंय, पोराला पिकलेलं, ये घर टिकनेवाला नहीं. पुढच्या अर्ध्या तासात सून माहेरी गेली. सर एवढे खूश झाले की त्या दिवशी चहा त्यांनी सांगितला.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

तो सिनेमा कुठल्याशा डोंगराळ देशातला होता. नकाशात मी बोट ठेवलं होतं, पण त्या देशाचं नाव माझ्या जिभेला अजून वळत नाही. एक म्हातारा, त्याचं एक खेचर. सगळा सिनेमाभर म्हातारा ते विकायचं टाळतो आणि शेवटी विकतो. शेवटच्या दृश्यात तो चढणीच्या वाटेनं एकटाच घरी निघालाय, पाठमोरा, आणि त्याच्या खांद्यावर खेचराची दोरी. पार ठिपका होईपर्यंत तो चालत राहतो, आणि सिनेमा संपतो.

दिवा लागला तर पोरी डोळे पुसत होत्या. सोनालीसुद्धा. सर म्हणाले की दिग्दर्शकानं मरण दाखवलेलं नाही, फक्त दोरी दाखवली आहे. घरी जाऊन हा माणूस त्या दोरीचं काय करणार, हे आपल्याला कळतं. हा सिनेमा ते अकरा वर्षं असाच शिकवत होते.

मला हसू आलं. त्या रडक्या शांततेत ते जरा मोठ्यानंच आलं.

सर म्हणाले, "काय झालं, सोनालीचे वडील?"

"सर, त्यो मरत न्हाई. त्यो दुसरं जनावर घेणार हाय."

मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडं बैल विकला तरी दावं देत नाहीत. सौदा झाला की मालक बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून घेतो, आणि घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. जुनं दावं घरी नेऊन दावणीला बांधायचं, म्हणजे दावण मोकळी राहत नाही, तिथं पुन्हा जनावर येतं. ज्यानं दावंसुद्धा देऊन टाकलं तो खरा संपला. "ह्यो म्हातारा लई पक्का हाय," मी म्हणालो. "तुमी उगं रडताय."

सरांनी शेवटचं दृश्य पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ते चादरीच्या इतके जवळ गेले की म्हातारा त्यांच्या पाठीवर चालायला लागला. शेवटी वळून म्हणाले, "अकरा वर्षं मी या माणसाला दर वर्षी मारतोय."

महिन्याभरानं परीक्षा झाली. प्रश्न याच सिनेमावर होता. मी सातवीतल्या अक्षरात दीड पान लिहिलं, हात दुखेपर्यंत. निकाल लागला. सोनालीला आठ. मला सहा. प्रमाणपत्रावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सोनालीचे वडील, दहापैकी सहा'.

मी सगळे गेल्यावर थांबलो. म्हणालो, जिनं रडून पेपर लिहिला तिला आठ, आणि तिचं रडणं ज्यानं थांबवलं त्या मला सहा? सरांनी माझा पेपर पुढं ठेवला. "प्रश्न वाचा."

प्रश्न होता, शेवटच्या दृश्यातून त्या समाजाविषयी काय समजतं?

"तुम्ही नेकनूरविषयी लिहिलंय," सर म्हणाले. "त्या देशात दावं ठेवायची रीत आहे का, ते तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही. मी पुस्तकातून चुकलो, तुम्ही बाजारातून चुकला असाल. तुमची नजर नवाची आहे. पुरावा तिनाचा आहे. मधे सहा."

मी नाना परीनं भाव केला. आधी रागावलो, मग पोराबाळांची शपथ घातली, मग आठ मागून सातावर आलो. शेवटचा उपाय म्हणून तडक उठलो आणि जिना उतरायला लागलो. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार हाक मारतो, हा जगाचा नियम आहे. मी एकेक पायरी सावकाश उतरलो. खाली पोचलो, चप्पल घातली, पट्टा दोनदा सोडून पुन्हा लावला. हाक आली नाही. रफिकभाई सीताफळं उलटवत बसले होते. म्हणाले, "इतने धीरे क्यूं उतर रहे हो, भाई? घुटने में दर्द है क्या?"

पण सरांनाही चैन नव्हतं. पुढच्या बाजाराला ते भिंग आणि वही घेऊन नेकनूरला हजर. बैल विकून निघालेल्या प्रत्येक माणसाला अडवून विचारायचे, दावं का नेताय? एक म्हणाला, रिवाज हाय. दुसरा म्हणाला, बाप न्यायचा. तिसरा म्हणाला, "दावं परवाच घेतलंय, कावून देऊ?" चौथ्याला वाटलं हे सरकारी माणूस आहेत, तो दावं टाकूनच पळाला. सरांनी ते उचलून त्याच्यामागं धाव घेतली, तोवर एका बैलानं त्यांच्या वहीचं अर्धं पान खाल्लं. उरलेली वही मला दाखवून ते म्हणाले, "बघा, तुमच्या बाजारातच तीन उत्तरं आहेत. बरं झालं मी सात दिले नाहीत."

आणि मग ती गोष्ट घडली, जी माझ्या मनातून अजून जात नाही. संभाजीनगरला कुठलीशी मोठी परिषद होती. सरांना तिथं बोलायला बोलावलं होतं. सोनाली सोबत गेली आणि तिनं सरांचं भाषण मोबाइलवर घेतलं. घरी मी ते बघितलं. सर व्यासपीठावर उभे राहून खेचराची गोष्ट सांगत होते. दावं, दावण, सगळं माझं. शेवटी म्हणाले, "हे मला आमच्या भागातल्या एका गुरांच्या व्यापाऱ्यानं शिकवलं." सभागृहात टाळ्या. सुटाबुटातली माणसं उठून उभी.

एका व्यापाऱ्यानं! बैलाला नाव असतं. आमच्या बाजारात सर्जा म्हटलं की कुणाचा सर्जा ते लोक सांगतात. आणि ज्या मालाला यानं बीडमध्ये सहा दिले, तोच माल संभाजीनगरात नेऊन दहाला खपवला. घेताना खोड काढायची आणि विकताना दात दाखवायचे, हा धंदा मला शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या दारात. ते चहा गाळत होते. मी उभ्यानंच सगळं बोलून घेतलं. शेवटी म्हणालो, "नाव घ्यायला काय झालतं तुमाला?"

सरांनी चहा माझ्यापुढं ठेवला, आतून वर्गाची वही आणली आणि पहिलं पान उघडलं. 'सोनालीचे वडील'. खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'नाव बाजारात कळू नये, ही विनंती.'

"तुम्ही परवानगी द्या," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पूर्ण नाव घेतो, गावासकट."

मी चहाला हात लावला नाही. तो मुद्दा वेगळा होता. माझा मुद्दा माझ्या जागी आजही बरोबर आहे. पण तेव्हा मला तो नीट मांडता आला नाही, म्हणून मी मार्कांवर आलो. म्हटलं, तिकडच्या माणसांनाच विचारा ना. सिनेमा काढलेला माणूस जिवंत असंल की.

सरांचे डोळे चमकले. सोनालीनं इंग्रजीत ईमेल लिहिला. काय विचारायचं ते सर सांगत होते आणि मी मागं उभा राहून भर घालत होतो. सर म्हणाले, उत्तर येईल त्याप्रमाणे मार्क बदलतील, वर किंवा खाली. खालीचं त्यांनी मुद्दाम सांगितलं.

पाच महिने उत्तर नाही. दर गुरुवारी मी वर जाऊन आधी सोनालीच्या मोबाइलकडं बघायचो. बाजारातसुद्धा सौद्यात मन लागेना. एकदा तर घेताना मी आठ दातांचा वयस्क बैल सहा दातांचा तरणा सांगितला, माझंच नुकसान करून. मग एका गुरुवारी उत्तर आलं. दिग्दर्शकानं स्वतः लिहिलं होतं. सोनालीनं ते मराठीत वाचून दाखवलं आणि सगळी माडी कान देऊन ऐकत होती.

त्यानं लिहिलं होतं की तो म्हातारा नट नव्हता, त्याच डोंगरातला एक गावकरी होता. खेचर देऊन चालत निघायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. त्यानं आपणहून दोरी सोडून घेतली आणि खांद्यावर टाकली. आम्ही कॅमेरा चालू ठेवला. का नेली, ते कुणी विचारलं नाही. म्हातारा आता हयात नाही. तुमच्या पत्रानं मला पहिल्यांदाच वाटलं, विचारायला हवं होतं.

मी उठून उभा राहिलो. "सोताहून नेली! आता सात."

सरांनी चष्मा पुसला. पत्र स्वतः वाचलं, भिंग लावून. "नेली हे खरं. का नेली, हे म्हाताऱ्यानं सांगितलेलं नाही."

"म्हातारा आता कुठं घावायचा, सर?"

"म्हणून साडेसहा."

रफिकभाई हसता हसता खुर्चीवरून घसरले. पुढच्या आठवड्यात नवं प्रमाणपत्र मिळालं. 'दहापैकी साडेसहा', आणि नावाची जागा कोरी. "ती तुम्ही भरा," सर म्हणाले. मी घरी जाऊन ठळक अक्षरात नाव, बापाचं नाव, गाव, सगळं भरलं. फ्रेम करून बैठकीत लावलंय. बाजारातली माणसं येतात, वाचतात आणि विचारतात, साडेतीन कुठं गेले? मी म्हणतो, काझी सरांना विचारा.

पण आता विचारायची सोय नाही. सरांना उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, आणि डाव्याचाही डॉक्टरांनी भरवसा दिला नाही. मुलगा हैदराबादला असतो, तो न्यायला आला. आता वर्ग बंद होणार होता. सर म्हणाले, प्रोजेक्टर कुणाला हवा असेल तर घ्या. मी का पुढं झालो ते मला ठाऊक नाही. सरांनी आकडा सांगितला. सवयीनं माझं तोंड अर्धा सांगायला उघडलं. रफिकभाई माझ्याकडं बघत होते, पोरं बघत होती. मी म्हणालो, "बरं." जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या आकड्याला बरं म्हणालो. सरांनी भुवया वर केल्या. बहुतेक त्यांना ती नोंद करून ठेवायची होती.

ते निघाल्यावर मी आणि रफिकभाईंनी खोकं उघडलं. प्रोजेक्टर होता, पण विजेची वायर नव्हती. खालीवर शोधलं. माझं डोकं फिरलं. भावसुद्धा केला नव्हता, आणि माल अर्धा! मी तसाच बसस्टँडवर गेलो.

हैदराबादची गाडी लागली होती. सर खिडकीपाशी बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावून. मुलगा वर सामान लावत होता. आणि सरांच्या खांद्यावर, नीट वेटोळी करून, ती काळी वायर होती. शेजारची बाई तिच्याकडं बघत होती. सर वायरीवर हात ठेवून समोर बघत होते.

मी जागीच थांबलो. त्यांनी मला बघितलं की नाही, सांगता येत नाही, मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो. गाडी हलली, वळली आणि गेली.

वायर का नेली, हे त्यांनी सांगितलेलं नाही. विसरूनही नेली असेल. मी पुन्हा नेकनूरविषयी लिहायला लागलो, असं ते म्हणाले असते.

येताना मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि नवी वायर मागितली, कारण गुरुवार दोन दिवसांवर होता. दुकानदार म्हणाला, "जुनी जळाली का?"

"न्हाई," मी म्हणालो. "मालकानं नेली. रिवाज हाय."